जपानला ट्रेड मिशनमधून जावं का? छोट्या निर्यातदाराला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची पस्तीसेक कामगारांची कंपनी आहे. आखाती देशांत आणि आफ्रिकेत थोडीफार निर्यात होते. आता निर्यात संवर्धन परिषदेचं एक शिष्टमंडळ टोकियो आणि ओसाकाला जाणार आहे, आम्हालाही विचारलंय. अशा दौऱ्यातून छोट्या कंपनीला खरंच काही मिळतं, की सत्कार, फोटो आणि परत?"

ऑर्डर मिळतील या आशेने जाणार असाल तर जाऊ नका. त्या आठवड्यात ऑर्डर मिळत नाहीत, आणि जपानमध्ये तर नाहीच नाही. मी तरीही जा म्हणेन. जो माणूस तुमचा माल घेऊ शकतो, तो आज का घेणार नाही हे त्याच्याच तोंडून ऐकायची सोय तिथे होते. हेच आक्षेप माल योकोहामाच्या बंदरात पोचल्यावर कानावर आले तर एक कंटेनर जातो आणि त्या गिऱ्हाइकाकडचं नावही जातं. दौऱ्यात ते विमानाच्या तिकिटाच्या भावात मिळतात.

आधी हे दौरे चालतात कसे ते बघू. आपल्याकडून माणसं नेण्याचं काम ईईपीसी इंडिया (अभियांत्रिकी माल), एईपीसी (तयार कपडे), फियो (निर्यातदारांचा महासंघ) यांच्यासारख्या परिषदा, उद्योगांच्या संघटना आणि अधूनमधून राज्य सरकारं करतात. तिकडे टोकियोतल्या भारतीय दूतावासाचा वाणिज्य विभाग, ओसाकातलं आपलं वाणिज्य दूतावास, स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्स आणि काही वेळा जेट्रो (जपान सरकारची व्यापार संवर्धन संस्था) ही मंडळी खरेदीदार बोलावतात. जेट्रोबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. ही संस्था १९५८ साली स्थापन झाली ती जपानची निर्यात वाढवण्यासाठी. नंतर जपानचा व्यापारी नफा जगाच्या डोळ्यांत खुपायला लागला तेव्हा, १९८०च्या दशकात, तिने आयात वाढवण्याचं कामही अंगावर घेतलं. आज तिचा भर पुन्हा जपानी शेतमाल आणि लहान कंपन्या बाहेर नेण्यावर आणि परकीय गुंतवणूक आत आणण्यावर आहे. जेट्रोकडून बाजाराची माहिती भरपूर मिळेल, नियम समजतील, एखादी ओळखही निघेल. पण तुमचा माल विकून द्यायला ती बसलेली नाही.

ओळखीचं महत्त्व जपानमध्ये इतकं का, हे नीट समजून घ्या. तिथल्या कंपनीत नवा पुरवठादार आणणं हा आणणाऱ्यासाठी धोक्याचा व्यवहार असतो. खरेदी विभागातला माणूस एकट्याच्या जोरावर होय म्हणत नाही. प्रस्तावाचा कागद गुणवत्ता, उत्पादन, हिशेब अशा टेबलांवरून फिरतो, प्रत्येक जण त्यावर शिक्का मारतो, आणि उद्या माल बिघडला तर पहिलं बोट ज्याने नाव सुचवलं त्याच्याकडे जातं. तुम्ही थेट ई-मेल पाठवलीत तर ती उत्तराशिवाय पडून राहते, त्याचं कारण उद्धटपणा नसून हे आहे. दूतावासाच्या यादीत तुमचं नाव असलं, परिषदेने तुम्हाला निवडून आणलं असलं, की त्या माणसाला आपल्या वरिष्ठांना दाखवायला एक कागद मिळतो. तेवढ्यावर धंदा होत नाही, पण तुमच्या नावाची फाइल उघडते. छोट्या कंपनीला हा आधार मोठ्या कंपनीपेक्षा जास्त लागतो, कारण मोठ्या कंपनीचं नाव त्यांनी आधीच ऐकलेलं असतं.

आता समोर कोण बसणार? इतोचू, मारुबेनी, मित्सुई या बड्या ट्रेडिंग कंपन्यांची नावं डोक्यातून काढा. एखाद्या मोठ्या घराण्याचा प्रतिनिधी आला तरी तुमच्याएवढ्या मालासाठी त्याची यंत्रणा हलत नाही. तुमच्या कामाचा माणूस म्हणजे एकाच प्रकारच्या मालात मुरलेली मध्यम किंवा लहान ट्रेडिंग कंपनी: फक्त फास्टनर (नट-बोल्ट, स्क्रू), फक्त मसाले, फक्त घरगुती कापड असं करणारी. ही कंपनी आयात करते, माल पुन्हा तपासते, गोदामात ठेवते, छोट्या लॉटमध्ये पुढे देते, तिथल्या गिऱ्हाइकाला उधारी देते आणि तक्रार आली तर ती आधी स्वतः झेलते. आपल्या लोकांना तिचं मार्जिन ऐकून घाम फुटतो आणि "डायरेक्ट जाऊ" असं डोक्यात येतं. पहिल्या चार-पाच वर्षांत तरी तो विचार करू नका. जपानी भाषेत पाच मिनिटांत फोन उचलणारा माणूस, तिथलं गोदाम आणि परत आलेला माल बदलून द्यायची तयारी, हे सगळं तुम्ही स्वतः उभं करायला गेलात तर ते मार्जिन स्वस्त वाटेल.

टोकियो की ओसाका, हाही प्रश्न लोक विचारत नाहीत आणि विचारायला हवा. मुख्यालयं टोकियोत आहेत. पण लहान-मध्यम कारखाने आणि जुने घाऊक व्यापारी यांची दाटी ओसाकाकडे आहे. हिगाशी-ओसाका हे तर छोट्या वर्कशॉपचंच गाव आहे. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नागोयाचा पट्टा. धातूची भांडी आणि हत्यारं करत असाल तर निइगाता प्रांतातलं त्सुबामे-सान्जो, टॉवेलमध्ये असाल तर एहिमेतलं इमाबारी; ही ठिकाणं तुमची स्पर्धकही आहेत आणि मजुरी वाढल्यामुळे काही वेळा गिऱ्हाईकही. कोबेला शंभर वर्षांहून जुनी भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती आहे, मोत्यांच्या आणि कापडाच्या धंद्यातली. दौऱ्यात एखादा दिवस मोकळा असेल तर तो देवळं बघण्यात घालवण्याऐवजी तुमच्या मालाच्या पट्ट्यात घालवा.

आक्षेप कसे येतात ते एका बैठकीवरून सांगतो. ओसाकात एका हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक भेटीला अर्धा तास. आपल्याकडचे एक कारखानदार पितळी फिटिंगचे नमुने घेऊन बसले होते, मी त्यांच्या शेजारी. समोर एका ट्रेडिंग कंपनीचे साठीतले गृहस्थ आणि बरोबर एक तरुण, जो फक्त लिहीत होता. त्या गृहस्थांनी नमुना उचलला आणि मापाकडे न बघता आधी अंगठ्याचं नख थ्रेडच्या तोंडावरून फिरवलं, बर (कापताना कडेला राहिलेला धातूचा धारदार कण) राहिलीय का ते पाहायला. मग ज्या पिशवीतून नमुना काढला ती पिशवी उजेडाकडे धरून पाहिली. मग विचारलं, "टूलचा इन्सर्ट (कापणारं टोक) बदलल्यावर पहिला पीस कोण तपासतं?" आमचे कारखानदार म्हणाले, क्वालिटीचा माणूस बघतो. "तो पीस कुठे ठेवता? किती दिवस?" यावर उत्तर नव्हतं. पुढचा प्रश्न, "पितळेचा सळईवाला बदललात तर आम्हाला किती दिवस आधी सांगाल?" अर्धा तास संपला. रेटचा कागद पूर्ण वेळ टेबलावर होता, त्याकडे कोणी पाहिलंही नाही.

बाहेर आल्यावर कारखानदार हिरमुसले: "भावच विचारला नाही म्हणजे इंटरेस्ट नाही." अगदी उलट. जपानी खरेदीदाराला रस नसेल तर तो मालाची तारीफ करतो, कॅटलॉग दोन्ही हातांनी घेतो, वाकून आभार मानतो आणि एकही अवघड प्रश्न विचारत नाही. जो तुमच्या शॉप फ्लोअरमध्ये शिरायला बघतो, तो तुम्हाला पुरवठादार म्हणून मनातल्या मनात तपासतोय. तिथल्या उत्पादन क्षेत्रात चार गोष्टींतला कुठलाही बदल आधी कळवायचा आणि मान्यता घ्यायची असा शिरस्ता आहे: माणूस, मशीन, मटेरियल आणि पद्धत. याला ते फोर-एम बदल म्हणतात. आपल्याकडे एखादा ऑपरेटर सोडून गेला, दुसरा उभा केला, गिऱ्हाइकाला का सांगायचं? त्यांच्या दृष्टीने तोच बिघाडाचा पहिला धागा असतो. हे कुठल्याही मार्केट रिपोर्टमध्ये छापून येतं, पण समोरचा माणूस तुमच्याच पिसाकडे बोट दाखवून विचारतो तेव्हा डोक्यात शिरतं. त्या कारखान्यात नंतर प्रत्येक मशीनजवळ पहिल्या पिसाचा ट्रे आणि नोंदवही आली. पुढे त्याच नोंदवहीच्या फोटोवरून बोलणी सुरू झाली.

कापडात याचाच भाऊ म्हणजे तुटलेल्या सुईची वही. शिवताना सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून, जुळवून, तारीख-वेळ-मशीन नंबर लिहून चिकटपट्टीने वहीत लावायचे; तुकडा सापडला नाही तर तो लॉट बाजूला काढायचा. शिवाय तयार कपडे नीडल डिटेक्टरमधून जातात, आणि बरेच आयातदार तिकडे पोचल्यावर पुन्हा एकदा घालतात. लहान मुलांचे कपडे करत असाल तर आणखी सांभाळा. चोवीस महिन्यांखालच्या बाळांच्या कपड्यांत फॉर्मल्डिहाइड जवळजवळ सापडताच कामा नये असा कायदा आहे, आणि तो वायू शेजारच्या खोक्यातून किंवा लाकडी फळीतूनही कापडात उतरतो, म्हणून हे कपडे पॅक बंद पिशवीतच हवेत. काही अ‍ॅझो रंगांवर एप्रिल २०१६ पासून कायदेशीर बंदी आहे. तुमच्या रंगाऱ्याकडून लेखी हमी आणि लॅबचा रिपोर्ट घेऊनच विमानात बसा.

खाद्यपदार्थवाल्यांची कथा सगळ्यात कडक. मे २००६ पासून तिथे कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी पॉझिटिव्ह लिस्ट पद्धत लागू आहे: ज्या रसायनाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग). म्हणजे तुम्ही ते फवारलंच नाही, शेजारच्या शेतातून उडून आलं, तरी माल अडकू शकतो. २०१२ मध्ये आपल्या कोळंबीवर हेच बेतलं. माशांच्या खाद्यात टिकाऊपणासाठी घातलेलं एथॉक्सिक्विन कोळंबीत सापडलं, त्याला हीच ०.०१ची पट्टी लागली आणि माल बंदरावर अडायला लागला. पुढे दोन्ही सरकारं बोलली, आकडेवारी दिली गेली, आणि ती मर्यादा ०.२ पीपीएम झाली. हे काम कुठल्याही एका निर्यातदाराच्या हातचं नव्हतं. आंब्याचंही तसंच: फळमाशीच्या भीतीने घातलेली बंदी २००६ साली उठली, तीही बाष्प-उष्णता प्रक्रिया आणि इथे येऊन बसणाऱ्या जपानी निरीक्षकाची अट मान्य करून. म्हणून अधिकारी बरोबर असलेल्या शिष्टमंडळात जात असाल तर तुमच्या मालाला आडवा येणारा नियम लेखी स्वरूपात, एका पानात, त्यांच्या हातात आधी द्या. तिथे गेल्यावर जेवणाच्या टेबलावर तक्रार सांगून काही हलत नाही.

विजेच्या वस्तूंबद्दल एवढंच: तिथे घरातला वीजपुरवठा १०० व्होल्टचा, पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०, आणि बहुतेक वस्तूंना पीएसई हे विद्युत सुरक्षेचं चिन्ह लागतं. २३० व्होल्टचा नमुना घेऊन जाणारे मी पाहिलेत.

शुल्काचा विषय आपल्या बाजूचा आहे आणि तरी लोक तो वापरत नाहीत. भारत-जपान सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. कपड्यांसह बऱ्याच मालावर त्यामुळे जपानमध्ये शुल्क शून्य झालं. त्यासाठी माल आपल्याच देशात तयार झाल्याचं सिद्ध करावं लागतं. सर्वसाधारण नियम म्हणजे किमान ३५ टक्के मूल्यवर्धन आणि सहा अंकी एचएस कोडात (मालाच्या वर्गीकरणाच्या जागतिक क्रमांकात) बदल, काही वस्तूंना वेगळे नियम. बैठकीला जाताना तुमच्या एचएस कोडावर जपानचं साधं शुल्क किती आणि कराराखाली किती, हे एका ओळीत लिहून न्या. समोरचा आयातदार बहुधा चीन, व्हिएतनाम, थायलंडकडून घेत असतो. व्हिएतनाम-थायलंडचे जपानशी स्वतःचे करार आहेत, चीनला जानेवारी २०२२ पासून आरसीईपी या आशिया-पॅसिफिक व्यापार कराराची सवलत आहे, आपण त्या गटात नाही. त्यामुळे तुमच्या मालावर आपला करार किती कामाचा आहे हे त्याला तुम्हीच सांगायला हवं. तो शोधत बसणार नाही.

दराबद्दल एक वास्तव. २०२१च्या सुरुवातीला डॉलरला १०३-१०५ येन पडत होते, २०२४च्या जुलैत तो आकडा १६०च्या पुढे गेला. डॉलरमध्ये तुम्ही भाव एक पैसाही वाढवला नसला तरी त्याच्या दुकानात तुमचा माल दीडपट महाग झाला. म्हणून आजचा जपानी आयातदार भावाबद्दल जितका चिडचिडा वाटतो, त्यात तुमचा दोष कमी असतो. येनमध्ये कोटेशन द्यायची तयारी ठेवा. फॉरवर्ड कव्हरबद्दल (पुढचा विनिमय दर आधीच बांधून घेण्याबद्दल) बँकेशी निघण्याआधीच बोलून घ्या. आणि पहिल्या भेटीत दिलेला भाव हा वचन धरला जातो. पुढच्या भेटीत "तेव्हा पितळ स्वस्त होतं" चालत नाही. कशावर अवलंबून भाव बदलेल ते त्याच कागदावर लिहा.

तयारीचा खरा काळ निघण्याआधीचे दोन महिने. जपानी भाषेत एक पान कंपनीची माहिती: स्थापना वर्ष, भांडवल, कामगार, मशीनची यादी मेक आणि वर्षासकट, मुख्य गिऱ्हाइकं, बँक, प्रमाणपत्रं. चकचकीत वीस पानी कॅटलॉग इंग्रजीत असण्यापेक्षा हे एक पान जास्त वाचलं जातं. ते गूगलवरून भाषांतर करून नेऊ नका. तुमच्या धंद्यातल्या शब्दांचं जे होतं ते पाहून समोरचा हसणार नाही, पण कागद बाजूला ठेवेल. दुभाषा आयोजक देतात, बऱ्याचदा दोन-तीन टेबलांत एक. शक्य असेल तर स्वतःचा ठेवा आणि आदल्या संध्याकाळी त्याच्यासमोर तुमचा माल मांडून प्रत्येक भागाचं नाव ठरवून घ्या. बरोबर मालक जाणार असेल तर कारखान्यातला, प्रश्नांना उत्तर देऊ शकणारा एक माणूसही न्या. दोन्ही मालक भाऊ गेले आणि क्वालिटीवाला घरी राहिला, हे दृश्य फार वेळा दिसतं.

तारखाही बघा. एप्रिल अखेर ते मेची सुरुवात गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, डिसेंबर अखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा नववर्ष: या काळात ठेवलेला दौरा म्हणजे आयोजकाला जपान माहीत नाही. तिथलंही आर्थिक वर्ष एप्रिल-मार्च आहे, त्यामुळे नव्या पुरवठादाराचा विचार शरद ऋतूत पेरला तर पुढच्या बजेटमध्ये उगवायची शक्यता असते. खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन फूडेक्स दर मार्चमध्ये भरतं, त्याच्याशी जोडलेला दौरा असेल तर उत्तम.

परत आल्यावरच बहुतेक जण गळतात. भेटीच्या दिवशीच रात्री हॉटेलमधून आभाराची मेल, त्यात विचारलेल्या प्रश्नांची यादी आणि प्रत्येकापुढे उत्तर कधी देणार ती तारीख. ती तारीख पाळायची. जमणार नसेल तर तारीख उलटण्याआधी कळवायचं. उलटल्यावर कळवलेल्या कारणाला तिथे किंमत नाही. मग शांतता येते, महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त. त्या काळात तुमचा कागद आत टेबलांवरून फिरत असतो किंवा खरंच कचऱ्यात गेलेला असतो, बाहेरून कळत नाही. रोज फोन करून विचारू नका. प्रश्नांच्या यादीतलं एकेक काम पूर्ण झालं की फोटोसकट कळवत राहा. आणि सहा-आठ महिन्यांच्या आत एकट्याने, शिष्टमंडळाशिवाय, परत जा. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाशी ते वेगळे वागतात. पहिल्या वेळी तुम्ही सरकारी खर्चाने फिरायला आलेले असू शकता, दुसऱ्या वेळी तसं मानायला जागा राहत नाही. धंद्याचं बोलणं, कारखाना बघायला येण्याची गोष्ट, छोटी ट्रायल ऑर्डर, हे सगळं माझ्या अनुभवात या दुसऱ्या फेरीनंतरच निघतं. म्हणून बजेट दोन फेऱ्यांचं करा. एकाच फेरीचे पैसे असतील तर थांबा.

या दौऱ्यांचे सरकारी अहवाल वाचून भारावून जाऊ नका, हेही सांगायला हवं. "इतक्या कोटींच्या चौकशा" हा आकडा व्हिजिटिंग कार्डांवरून काढलेला असतो. कीथ हेड आणि जॉन रीझ या कॅनडातल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये त्यांच्या देशाच्या मोठ्या व्यापारी शिष्टमंडळांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की ज्या देशांशी आधीच जास्त व्यापार होता तिथेच ती गेली होती, आणि तो भाग वजा केल्यावर व्यापारावर जाणवण्याजोगा परिणाम उरत नव्हता. मला यात आश्चर्य वाटत नाही. देशाच्या एकूण आकड्यात पस्तीस कामगारांच्या कारखान्याची पहिली ट्रायल ऑर्डर दिसणार कुठून? पण पंतप्रधानांसोबत शंभर उद्योगपती नेणारे दौरे आणि दहा-बारा एकाच धंद्यातल्या छोट्या कंपन्यांना नेमून दिलेल्या भेटी देणारे दौरे, यांतला फरक या अभ्यासामुळे डोळ्यांपुढे ठेवावासा वाटतो. पहिल्या प्रकारात तुम्ही गर्दी असता.

खर्चात सरकारी मदत मिळते. परिषदेचं सदस्यत्व, निर्यातीची उलाढाल आणि आधी किती वेळा लाभ घेतला यावर ती ठरते. योजनांची नावं आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी परिषदेकडून लेखी घ्या. बरेचसे पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर परत मिळायचे असतात, कॅश फ्लोमध्ये ते धरा.

आता तुम्हाला आलेल्या आमंत्रणाबद्दल. आयोजकांना फोन करून विचारा: खरेदीदारांची निवड कोण करतंय, आमच्या मालाची माहिती त्यांना आधी पाठवणार का, समोरासमोरच्या भेटी किती, आणि त्यांची यादी आम्हाला कधी मिळेल. निघण्याच्या तीन आठवडे आधी नावं हातात येत असतील तर जा. प्रत्येक कंपनी शोधून ती सध्या काय आणि कुठून आयात करते ते बघायला तेवढा वेळ लागतो. "तिथे गेल्यावर कळेल" असं उत्तर आलं तर नम्रपणे नाही म्हणा आणि त्याच पैशांत टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात तुमच्या धंद्याचं प्रदर्शन असेल त्या आठवड्यात प्रेक्षक म्हणून जाऊन या. स्टॉल घ्यायची गरज नाही. स्पर्धकांचा माल हातात घेऊन पाहा, त्यांचं पॅकिंग पाहा, आणि दुभाषा घेऊन तीन दिवस आयातदारांशी बोला.